खुणांचा रकाना

म्हशीचा मागचा पाय जमिनीत गेला, तेव्हा मी तिचंच वर्णन लिहीत होतो.

'रंग काळा, शिंगे मागे वळलेली, शेपटीचा गोंडा पांढरा' इथवर आलो, तोच कोंडवाड्याच्या मधोमध ती मांडीपर्यंत खचली आणि अशी ओरडली की अर्धं गाव धावत आलं. उरलेलं अर्धं, म्हैस कुणाची ते कळल्यावर आलं. म्हैस होती सरपंच बळीरामजी वानखड्यांची. संत्र्याच्या बगीच्यात शिरली म्हणून त्यांच्याच चुलतभावानं ती हाकत आणून माझ्या ताब्यात दिली होती, आणि वर मला बजावलं होतं, "मुन्शीजी, नाव ठळक लिहा."

मी तेव्हा बोरझरीच्या कोंडवाड्याचा मुन्शी. मोकाट गुरं आली की कोंडायची, रजिस्टरात उतरवायची, मालक आला की सोडायची. साठ घरांचं गाव. कुणाचं कुणाशी फाटलंय हे लोक पारावर चघळत बसत; मी रजिस्टर चाळून सांगत असे. ज्याचं जनावर ज्यानं आणलं, तिथं वैर. बारा वर्षांत दोनदाच चुकलो.

रजिस्टराला सहा रकाने. पाचवा 'अंगावरील खुणा', सहावा 'आणणाराची सही अथवा अंगठा'. आता शेतावर परत जायची घाई असलेला माणूस मी शिंगं-शेपट्या लिहून होईस्तोवर थांबत नाही. म्हणून मी आधी अंगठा घ्यायचो आणि पाचवा रकाना मागाहून सावकाश भरायचो. कुणी कधी हरकत घेतली नाही. आणणाऱ्यांना वाचता येत नव्हतं, आणि गुरांची तक्रार नव्हती.

दोर लावून म्हैस वर काढली. खाली काळंशार भोक राहिलं.

"पेव हाय," म्हातारे म्हणाले. पेव म्हणजे ज्वारी साठवायची जमिनीतली खोली. वर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड आणि पोटात दोन खंडी धान्य. गावात अशी पाच-सहा पेवं होती, पण कोंडवाड्याखाली एक आहे हे कुणाच्या आज्यालाही माहीत नव्हतं.

लहानू इंगळेला बोलावणं गेलं. विहिरींचा गाळ काढणं आणि पेवं साफ करणं हे त्याचं काम. बुटका, रुंद, हाताचे पंजे फावड्यासारखे. त्यानं आधी दोराला बांधून कंदील खाली सोडला. जुन्या पेवात हवा विषारी असते. कंदील विझला तर माणूसही विझतो. कंदील जळत राहिला. मग तोंड रुंद करून त्यानं स्वतःच्या कमरेला दोर बांधला आणि दुसरं टोक माझ्या हातात दिलं.

"मलाच का रे?"

"तुमचं कोनाशी वाकडं नाही, मुन्शीजी. बाकी समदे कोनाचे ना कोनाचे आहेत."

तो उतरला. वरून एकानं हाक मारली, "लहानू, काय हाय खाली?"

"अंधार हाय."

"अंधार आमाले वरूनबी दिसते, लेका!"

"मंग कायले विचारता?"

बराच वेळ खरवडल्याचा आवाज आला. मग 'खण्ण' असा एक आवाज, धातूवर धातू आपटल्यासारखा. वरचे सगळे भोकावर वाकले. पेवात ज्वारी असते, आणि ज्वारी खणखणत नाही.

हंडा वर आला तो नखशिखांत चिखलाच्या थराखाली होता. वर आणायला चौघं लागले. चौघांनीही तो ठेवताना अंदाज घेण्यासाठी जरा जास्तच हलवला, हे मी पाहिलं.

सरपंच तालुक्याला मीटिंगला गेले होते. ते येईपर्यंत हंडा उघडायचा नाही, असं एकमतानं ठरलं. बोरझरीत एकमत होतं ते अशाच वेळी, कारण प्रत्येकाला दुसऱ्याला थांबवायचं असतं. कोंडवाड्याला जाड कुलूप होतं आणि किल्ली माझ्या कमरेच्या करगोट्याला. हंडा माझ्या खोलीत टेबलाजवळ ठेवला. मी रजिस्टर उघडलं, नव्या ओळीत 'तांब्याचा हंडा, एक' लिहिलं आणि आणणारा म्हणून लहानूचा अंगठा घेतला. त्याचा अंगठा एवढा रुंद, की ठसा रेघ ओलांडून शेजारच्या रकान्यात गेला.

"जेवून येतो," तो म्हणाला. "तुमी हाय ना अठी?"

"मी कुठं जातो?"

दुपारी गाव जेवून झोपलं. मी हंड्याची राखण केली.

सरपंच आले ते दिवस कलता. साठ घरांतली माणसं कोंडवाड्याच्या कुंपणावर, भिंतीवर, पाण्याच्या हौदावर. म्हशीला त्यातलं कुणी विचारेना. ती आपली कोपऱ्यात कडबा खात होती. हंडा बाहेर आणला. बळीरामजींनी स्वतः ओल्या फडक्यानं तोंडावरचा चिखल पुसला, आणि त्यांचा हात थांबला.

हंड्याच्या कडेला लाखेचा लाल थर होता. झाकणाच्या थाळीलाही होता. पण दोघांच्या मध्ये तो तुटलेला होता.

"हा उघडला कोनं?"

जवळ उभे होते ते मागं सरकले. झाकण निघालं. आत कडुनिंबाच्या पाल्याचा चुरा, आणि त्यात दोन फडक्यांत बांधलेला एक गठ्ठा. सोडला तर कागद. लांबट, पिवळट, सुटी पानं, दोन्ही बाजूंनी काळीभोर बारीक अक्षरं. हात घालून हंड्याचा तळ चाचपला. काही नाही. उलटा केला. पाला पडला.

"एवढा मोठा हंडा," चुलतभाऊ म्हणाला, "अन् कागद?"

शाळेच्या गुरुजींना पान दिलं. त्यांनी ते सुलटं-उलटं केलं. "ही बाळबोध नाही, मोडीही नाही. ही कुठलीच लिपी नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे मुद्दाम कळू नये म्हणून लिहिलंय."

हे बोलायला नको होतं. गुरुजी भाबडे, त्यांना वाटलं, आपण माहिती दिली. गावानं ऐकलं ते वेगळंच. कळू नये म्हणून लिहिलंय म्हणजे बीजक; पुरलेल्या धनाचा ठावठिकाणा. आणि हंड्यात होतं ते आधीच कुणी काढलं.

मागून पार्वता बुढी गर्दीतून वाट काढत आली. गावात महानुभाव पंथाचं ते एकच घर. तिनं गठ्ठ्यासमोर जमिनीला डोकं टेकवलं. "दंडवत! हे धन नोहे, बाप्पा. आमच्या पंथाची पोथी हाय. आमच्या लोकांची लिपी अशीच रायते. वाईट काळात लपवली असन कोनं."

"तुले वाचता येते?"

"मले कोठून येनार?"

"मंग तुले माहीत कसं?" सरपंचांनी विचारलं, आणि त्यांच्या आवाजावरून कळलं की बुढीचंही नाव त्यांच्या मनातल्या यादीत चढलं.

त्यांनी लहानूकडे वळून पाहिलं. "खाली तू एकटा होतास."

"होतो जी. पन लाख शाबूत होती. म्या हातानं चाचपून पाह्यली. वर आणला तवाबी शाबूत होती."

"कोनं पाह्यली?"

वर ओढणाऱ्या चौघांनी माना हलवल्या. चिखल होता, त्यांनी वजन पाहिलं होतं, तोंड नाही. लहानूनं माझ्याकडे पाहिलं.

"मुन्शीजी लेहून ठेवते," तो म्हणाला. "वाचा ना, मुन्शीजी. अंगठा देल्ला मी."

मी रजिस्टर आणलं आणि वाचलं: "तांब्याचा हंडा, एक. अंगावरील खुणा: तळाशी चेपलेला, लाख फुटलेली, तोंड उघडे. आणणारा, लहानू इंगळे याचा अंगठा."

"अंगठा तुहाच ना?"

लहानू बराच वेळ पानाकडे पाहत राहिला. वाचता येत नसलेला माणूस पानाकडे पाहतो तेव्हा तो अक्षरं पाहत नसतो. "अंगठा माहाच हाय," तो म्हणाला.

त्या रात्री नव्हे, तर दुसऱ्या सकाळी उजेडात, सगळ्यांदेखत, त्याच्या घरातली चूल उकरली. मग उंबरठा. मग गोठ्यातली जमीन. सोनं निघालं नाही, आणि त्यामुळे लहानूवरचा संशय कमी झाला नाही. उलट तो फार हुशार आहे असं ठरलं.

राहिली पोथी. ती ठेवायची कुणी? सरपंचांकडे ठेवली तर चुलतभाऊ झोपणार नाही. देवळात ठेवली तर पुजारी सरपंचांचा. माझ्याकडे ठेवावी असं कुणीतरी म्हणालं, तर मागून आवाज आला, "मुन्शीबी मानूसच हाय." शेवटी बोरझरीनं ते केलं, जे फक्त बोरझरीच करू जाणे. पोथीची वाटणी केली. एकशे एकोणीस पानं. लहानूचं घर वगळून एकोणसाठ घरं. घरटी दोन पानं, क्रमानं नव्हे, पिसून. कुणा एकाला बीजक सगळं लागू नये म्हणून. वाचू शकणारा माणूस मिळाला की सगळ्यांनी एकाच दिवशी आपापली पानं घेऊन यायचं.

"लहानूले काहून नाही?" पार्वता बुढीनं विचारलं.

"त्याचा वाटा त्यानं आधीच घेतला."

कुणाला कोणतं पान, ते मी रजिस्टरात उतरवलं, गुरासारखं: 'कडा कुरतडलेली', 'मध्ये डाग', 'कोपरा दुमडलेला'. एक पान उरलं. त्यावरून भांडण होणार असं दिसताच सरपंच म्हणाले, "ते कोंडवाड्यात राहू द्या. मोकाट समजा." अक्षरं अर्ध्यावर संपून खाली मोकळी जागा असलेलं ते पान मी टेबलाच्या खणात ठेवलं.

पुढचे पंधरा दिवस मी तसे कधी पाहिले नाहीत. लोकांनी पानं पेटीत, पिठाच्या डब्यात, गादीत, देवाच्या फोटोमागं ठेवली. आणि दिवसातून दोनदा ती आहेत का ते पाहिलं. पाव्हणा आला तरी दारातच उभा. दोन घरांमधली लग्नाची बोलणी थांबली, कारण पानं एकत्र येतील. माझ्याकडे येऊन हळूच विचारायचे, "त्याचं पान कोनतं होतं हो?" मी म्हणायचो, "सरकारी कागद आहे." माझा भाव त्या पंधरवड्यात फार वाढला होता, हे मी कबूल करतो.

लहानूचा मात्र तो हंगाम होता. चैत्र-वैशाखात पाणी तळाला जातं आणि विहिरींचा गाळ निघतो. त्या दोन महिन्यांवर त्याचं वर्ष चालायचं. आठ विहिरी त्याच्या ठरलेल्या होत्या, त्यातली एक सरपंचांची. सात जणांनी परगावचे गडी आणले; सरपंचांचे गडी अजून यायचे होते. ज्याच्या हाती आपल्या विहिरीचा तळ द्यायचा, तो माणूस साफ लागतो.

त्याची बायको कौतिका एकदा कोंडवाड्याच्या दारात येऊन उभी राहिली. आत आली नाही.

"मुन्शीजी, तुमी तठी होते. तुमी तरी सांगा ना लोकायले."

"मी काय सांगू? रजिस्टरात आहे तेच आहे."

"तो मनते, मी कुठीबी राहीन, पन माहं नाव धुऊन घेतल्याबिगर गाव सोडनार नाही. मनते, इहिरीत उतरतो तो दुसऱ्याच्या दोरावर. दोर धरनाऱ्यावर इसवास ठेवनाऱ्यालेच चोर मनत्यात."

ती गेली. त्या दिवशीचा दोर मी धरला होता.

सोळाव्या दिवशी महंत आले. पार्वता बुढीनं कुणाला न विचारता मठाकडे निरोप धाडला होता. काळी वस्त्रं, उंच, सत्तरीचे, डोळ्यांवर जाड चष्मा. हौदाजवळच्या लिंबाखाली घोंगडी अंथरली. मी रजिस्टरातून एकेक घर पुकारलं आणि एकेक घर पानं घेऊन आलं. एकशे एकोणीसपैकी एकही कमी भरलं नाही. इतकं जपून ठेवलेलं त्या गावात मी दुसरं काही पाहिलं नव्हतं. शेजाऱ्याच्या भीतीनं ठेवलेलं होतं, पण होतं.

महंतांनी पानं लावायला दोन तास घेतले. कुणी जागचं हललं नाही. मग त्यांनी थोडं वाचलं, सावकाश, बोट न टेकवता. देवाच्या आठवणी होत्या. कुठं थांबले, कुणाला काय म्हणाले, कुणाच्या घरी काय जेवले.

"धनाचं काय?" चुलतभावानं विचारलं.

"हेच."

"बाबा, लपवून राह्यले काय?" सरपंच म्हणाले. महंत हसले. त्यांना ही शंका नवी नसावी.

शेवटचं पान माझ्या खणातलं होतं. ते पाहताच ते म्हणाले, "हे लिहिणाऱ्याचं स्वतःचं आहे." आणि वाचलं: "'पोथी पेवीं ठेविली. पानें येकशें येकूणवीस. वेष्टनें दोनि. आणिक कांहीं नाहीं. मुख लाखें बांधिलें. जो काढील तेणें मोजोनि घ्यावें.'"

पुढची माणसं पान पाहायला घोंगडीवर वाकली.

"आणिक काहीच नाही?" सरपंच.

"तसं लिहिलंय. पानं तुम्हीच मोजलीत."

पंधरा दिवस ते पान माझ्या खणात होतं. लहानूची सुटका मी खडूच्या डबीखाली ठेवली होती.

लोक लहानूकडे पाहू लागले. तो हौदापलीकडे उभा होता. पण सरपंचांना चूक मान्य करायची सवय नव्हती. "सोनं नव्हतं हे खरं. पन लाख फोडलीच ना त्यानं? सोनं असन मनूनच फोडली ना? हेतू तर चोराचाच."

तेव्हा लहानू पुढं आला. धोतराच्या सोग्याची गाठ सोडून त्यानं एक चिंधी काढली, चिंधीतून बोराएवढा लाल तुकडा, आणि तो महंतांच्या घोंगडीवर ठेवला.

"त्या दिशी सांजी हंडा बाहीर नेताना मुन्शीजीच्या टेबलाखाली भेटला."

"मंग तवाच काहून नाही दाखवला?"

"तवा दाखवला असता तर तुमी काय मनले असते? पाहा, लाख याच्याच सोग्यात हाय!"

गर्दीत कुणी तरी हसलं आणि लगेच थांबलं.

"कुठूनबी आणला असन," चुलतभाऊ म्हणाला.

"मनूनच मी काही मनत नाही. मी मुन्शीजीले विचारतो." तो माझ्याकडे वळला. "मुन्शीजी, सकाळी लाख कशी होती?"

"रजिस्टर आहे," मी म्हणालो.

"पाहू," महंत म्हणाले.

मी त्यांना रजिस्टर दिलं. नाही म्हणायला काही कारण नव्हतं. त्यांनी चष्मा वर केला आणि पान डोळ्यांजवळ नेलं, अगदी पोथी नेली होती तसं. जन्मभर जुनी अक्षरं वाचलेला माणूस. शब्द काय आहेत ते त्यानं शेवटी पाहिलं असावं. लहानूचा तो रुंद अंगठा रेघ ओलांडून पाचव्या रकान्यात आला होता, आणि 'उघडे'ची शेवटची मात्रा त्या ठशाच्या वरून गेली होती. ठसा खाली, शाई वर. शाईसुद्धा निराळी, सकाळची दौत संपली म्हणून दुपारी मी दुसरी उघडली होती.

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. फार नाही, जेमतेम क्षणभर. मग रजिस्टर मिटलं आणि माझ्या हातात परत दिलं.

"अक्षर तुमचं आहे. तुम्हीच वाचा."

बारा वर्षं मी त्या गावाचा संशय लिहून काढला होता. कोण काय लपवतो, कोण कुणावर टपलाय. त्या दुपारी टेबलाजवळ हंडा आणि मी असे दोघंच होतो, आणि मला पक्कं ठाऊक होतं की संध्याकाळी हे सगळे मिळून ते आपसात दडपतील आणि मला फक्त काय लिहायचं तेवढं सांगतील. एकदा मला आधी बघायचं होतं. घेणार नव्हतो, असं मी स्वतःला सांगितलं. चाकूच्या टोकानं लाख काढली, फडकं उचकून पाहिलं, कागद दिसले, परत झाकलं, वर ओला चिखल फासला, चुरा झाडून काढला. आणि पाचवा रकाना मोकळाच होता.

महंतांनी ओळखलं नसतं तर मी बोललो असतो का? मी या प्रश्नाचं उत्तर लिहून ठेवलेलं नाही.

"लाख मी फोडली," मी म्हणालो.

सरपंच म्हणाले, "ऑं?"

"दुपारी. कागद होते, परत ठेवले. लहानूनं हंडा दिला तेव्हा तोंड बंद होतं."

माझी अपेक्षा होती, आरडाओरडा होईल. झाला नाही. साठ घरं माझ्याकडे नुसती पाहत राहिली, आणि मला दिसलं की प्रत्येक जण मनातल्या मनात मागची बारा वर्षं उलटून पाहतोय. आपल्या कोणत्या बैलाच्या कोणत्या खुणा मी काय लिहिल्या होत्या.

लहानू जवळ आला. रागावलेला दिसत नव्हता. "लेहा ते," तो म्हणाला.

मी टेबल बाहेर आणलं. त्याच ओळीखाली लिहिलं: 'हंडा आला तेव्हा लाख शाबूत व तोंड बंद होते. लाख मी, दिनकर त्र्यंबक सोनटक्के, मुन्शी, याने दुपारी फोडली.' लिहून झाल्यावर सवयीनं शाईची गादी त्याच्याकडे सरकवली.

त्यानं ती परत माझ्याकडे ढकलली.

"आधी वाचून दाखवा. समद्यायले ऐकू जाईन असं."

मी वाचलं. हौदावरच्या माणसांनी "आणखी मोठ्यानं" म्हणून सांगितलं. मी पुन्हा वाचलं. मग सही करायला टाक उचलला. माझी सही चांगली होती. लोक तिच्यासाठी मला अर्ज लिहायला बोलवत.

लहानूनं टाकावर हात ठेवला.

"सही नाही. मले सही वाचता येत नाही. अंगठा द्या."

मी गादीवर अंगठा टेकवला आणि सहाव्या रकान्यात दाबला. त्यानं रजिस्टर आपल्याकडे फिरवलं. माझा ठसा त्याच्या ठशाखाली होता, त्याच्याहून बराच लहान. तो खाली वाकला आणि एकेक रेघ पाहत राहिला, मी म्हशीची शिंगं पाहायचो तसा. शाई वाळेपर्यंत त्यानं पानावरून नजर काढली नाही.

मग सरळ झाला आणि सरपंचांना म्हणाला, "तुमची इहीर उद्या सकाळी. दोर धराले मानूस मी निवडीन."